स्टेटस डिलीट केलं, पुढे काय?

१७ मार्च २०२५. रमजान चालू होता. काटोलात तरावीह आटोपून मी घरी आलो तेव्हा फोनवर नागपूरच्या महाल भागातले व्हिडिओ येऊन पडले होते. जळणाऱ्या गाड्या, दगड, गल्लीतून पळणारी माणसं. औरंगजेबाची कबर हटवा म्हणून दिवसा निदर्शनं झाली होती. त्यात जाळलेल्या चादरीवर कुराणच्या आयती होत्या, अशी अफवा संध्याकाळपर्यंत पसरली आणि रात्री दंगल उसळली. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एक जण काही दिवसांनी दवाखान्यात मरण पावला. काटोल तिथून साठेक किलोमीटरवर आहे, पण फोनवर हे अंतर उरत नाही.

त्याच रात्री बहिणीचा फोन आला, "भाई, जरा याचं स्टेटस बघ." भाचा पंधरा वर्षांचा, नववीत. त्यानं जाळपोळीची एक क्लिप स्टेटसला ठेवली होती, मागे रडव्या आवाजातलं गाणं आणि खाली एक ओळ. ती ओळ मी इथे लिहीत नाही. तिच्यात धमकी नव्हती, पण ज्याला गुन्हा शोधायचाच आहे त्याला ती पुरली असती. मी तसाच बहिणीकडे गेलो, त्याच्या हातातून फोन घेतला आणि स्टेटस डिलीट केलं. तोवर एकवीस जणांनी ते पाहिलं होतं. मग रागावलो. त्याच्या अब्बूंनी महिनाभर फोन बंद केला. घरातल्या सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सहरीच्या वेळी त्यानं मला विचारलं, "मामू, तो व्हिडिओ खोटा होता का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तो नीट पाहिलाच नव्हता. मला फक्त तो काढून टाकायचा होता. मग आम्ही दोघांनी मित्राकडून तीच क्लिप परत मागवली आणि थांबवत थांबवत पाहिली. एका दुकानाची पाटी दिसली. त्यावरची लिपी देवनागरी नव्हती, उर्दूही नव्हती. आमच्या दोघांपैकी कोणालाच ती वाचता येत नव्हती. ती क्लिप नागपूरची नव्हतीच. त्या रात्री खरंच गाड्या जळल्या होत्या, खरंच माणसं जखमी झाली होती, पण माझ्या भाच्याचं रक्त ज्या क्लिपनं तापवलं ती कुठल्या तरी दुसऱ्याच गावाची होती.

आपण आपल्या मुलांना डिलीट करायला शिकवतो, पॉज करायला शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. गेल्या उन्हाळ्यापासून काटोलात आम्ही काही जण ही गोष्ट माहितीपट दाखवून शिकवण्याचा प्रयत्न करतोय. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे मान्य करू की आपली भीती खोटी नाही. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण इराकमधल्या धार्मिक स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या गटासोबत बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे. त्यातला एक नोव्हेंबरमध्ये परत आला. तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. ज्या लढाईची स्वप्नं पाहत तो गेला होता, तिथे आपल्याकडून पाणी भरणं आणि संडास साफ करणं असली कामं करून घेतली, असं त्यानं तपास यंत्रणेला सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. पुढची सहा वर्षं तुरुंगात गेली. खटला संपायची चिन्हं नव्हती तेव्हा कुठे जामीन मिळाला, तो २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कायम ठेवला.

आणि त्याच दिवसांत, २ जून २०१४ ला, पुण्याच्या हडपसरमध्ये मोहसीन शेख या तरुणाला रात्री नमाजहून परतताना जमावानं मारून टाकलं. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रं कुणीतरी टाकली होती, म्हणून. मोहसीनचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. तो कंपनीत आयटीचं काम बघायचा, घर सोलापूरला. २०२३ मध्ये या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

दोन आठवड्यांच्या आतल्या या दोन घटना. एकीत आपली मुलं पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीमागे निघून गेली. दुसरीत दुसऱ्या कुणी पडद्यावर टाकलेल्या चित्रापायी आपला मुलगा गेला. मी तेव्हा नुकताच कमवायला लागलो होतो आणि सगळे मला एकच सांगत होते, "फेसबुकपासून लांब राहा." मोहसीन फेसबुकवर काही न टाकताच मेला, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

त्यानंतर हे थांबलेलं नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलंही होती. माझा भाचा त्या मुलांपेक्षा वेगळा नव्हता. त्याचं नशीब एवढंच की त्याच्या एकवीस जणांत कुणी स्क्रीनशॉट घेतला नाही.

अशा वेळी समाज म्हणून आपण काय करतो? मशिदीतून आवाहन होतं की मुलांच्या फोनवर लक्ष ठेवा. पोलीस शाळेत येतात आणि ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात. नातेवाईक म्हणतात, शिक्षण पूर्ण कर, या भानगडीत पडू नको. यातलं काहीच चुकीचं नाही. पण यातून मुलाला कळतं ते हे, की आपल्या मनात जो राग आहे त्याबद्दल मोठ्यांशी बोलायचं नाही. मग तो त्यांच्याशी बोलतो ज्यांना त्याच्या रागाची गरज असते.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून यंत्राच्या बाजूनंही थोडं सांगतो. पुष्कळांना वाटतं की कुणीतरी बसून आपल्या मुलांना बिघडवतंय. तसे लोक आहेतच, पण फीड रचणाऱ्या प्रोग्रामला धर्म नसतो. त्याला एक आकडा वाढवायचा असतो, तो म्हणजे तुम्ही किती वेळ थांबलात, किती वेळा बोट लावलंत, काय पुढे पाठवलंत. तुमच्यासारखं वागणारी इतर लाखो माणसं कशावर थांबली ते पाहून तो तुमच्यापुढे पुढची गोष्ट ठेवतो. माणूस रागावर थांबतो, भीतीवर थांबतो, अपमानावर तर नक्कीच थांबतो. फेसबुकनं २०१७ पासून इमोजीतून दिलेल्या प्रतिक्रियेला साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं होतं, आणि त्या इमोजींत संतापाचाही होता. रागावलेल्या चेहऱ्याचं हे वजन पुढे कमी करत करत शून्यावर आणावं लागलं. कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं.

त्याच कागदपत्रांत भारताची एक गोष्ट होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्या एका संशोधक कर्मचाऱ्यानं केरळमधल्या वापरकर्त्याचं म्हणून एक चाचणी खातं उघडलं. कुणाला शोधायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही, फक्त फेसबुक सुचवेल ते पाहायचं आणि सुचवेल त्या ग्रुपात जायचं. पुलवामाचा हल्ला त्याच काळातला. तीन आठवड्यांत त्या खात्याचा फीड द्वेषानं, खोट्या बातम्यांनी आणि प्रेतांच्या फोटोंनी भरून गेला. त्या खात्यामागे कोणताही राग नव्हता, तरी हे झालं. आपल्या पोरांच्या मनात तर राग आधीच असतो, आणि त्याला कारणंही असतात.

हे सगळं मी मुलांना फळ्यावर समजावून पाहिलं. पहिल्या रविवारी बाण काढले, चौकोन काढले. दहा मिनिटांत जांभया सुरू झाल्या. एका मुलीनं विचारलं, "भैया, परीक्षेत येणार का हे?"

माहितीपटाकडे वळलो ते तेव्हा. जागा म्हणजे एका नातेवाइकाच्या संत्र्याच्या गोदामावरची खोली. बहार संपला की खाली क्रेट रिकामे असतात, त्यावर मुलं बसतात. भिंतीला पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर. आठ मुलं, पाच मुली, वयं तेरा ते सतरा. नंतर भाच्याचे शाळेतले दोन हिंदू मित्रही यायला लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते सिनेमा आहे म्हणून आले आणि राहिले. नियम तीनच. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त पाहायचं नाही. कुणीही कधीही "थांबवा" म्हणू शकतो. आणि खोलीत जे बोललं गेलं त्याचं रेकॉर्डिंग नाही, बाहेर नाव घेऊन सांगणं नाही.

सुरुवात जेफ ऑर्लोव्स्की यांच्या 'द सोशल डायलेमा'नं केली. २०२० चा माहितीपट, नेटफ्लिक्सवर आहे. त्यात याच कंपन्यांत काम केलेले लोक बोलतात आणि मध्ये मध्ये एका मुलाची नाट्यरूप कथा आहे. यंत्राच्या आत बसलेली तीन माणसं त्या मुलाच्या बाहुल्यावर प्रयोग करत राहतात आणि तो मुलगा हळूहळू एका टोकाच्या गटाकडे ओढला जातो. मी तासभर फळ्यावर जे सांगू शकलो नाही ते पोरांना तीन मिनिटांत कळलं. पण खरी गंमत पुढे झाली. एक मुलगा म्हणाला, "भैया, यात पण घाबरवायचं म्युझिक लावलंय ना?" आम्ही तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावला. भीती अर्ध्यावर आली. म्हणजे जो सिनेमा सांगतो की तुम्हाला खेळवलं जातंय, तोही आपल्याला थोडा खेळवतोच. त्या दिवशी मला वाटलं की काहीतरी जमतंय.

मग निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' लावला, २०१२ चा. त्यात एका बाजूला मिस इंडिया स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुली आहेत आणि दुसऱ्या बाजूला दुर्गावाहिनीच्या शिबिरात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मुली. शिबिरात मुसलमानांबद्दल जे बोललं जातं ते ऐकताना खोलीत कुणी हलत नव्हतं. मी मुद्दाम थांबवलं नाही. पुढे त्या शिबिरातली शिक्षिका, जेमतेम विशी ओलांडलेली तरुणी, आपल्या वडिलांबद्दल बोलते. वडील मारतात. तरी तिला त्यांचे उपकार वाटतात, कारण मुलगी म्हणून जन्मली असूनही त्यांनी तिला जगू दिलं. इथे एका मुलीनं "थांबवा" म्हटलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तिचा राग यायला पाहिजे ना? पण येत नाहीये."

तिला राग येऊ नये असं माझं म्हणणं नव्हतं. ती शिक्षिका जे शिकवते ते आपल्या जीवावर उठणारं आहे. पण माणूस तिथवर कसा पोचतो, त्याच्या घरात काय चाललेलं असतं, त्याला तिथे कोणता मान मिळतो जो दुसरीकडे मिळत नाही, हे ज्यानं एकदा पाहिलं त्याला आपल्याजवळ येऊन असाच मान देऊ करणारा माणूसही ओळखता येतो. रील हे दाखवू शकत नाही. रीलमध्ये शत्रू असतो आणि आपण असतो. दीड तासाच्या माहितीपटात त्या शत्रूचं स्वयंपाकघर दिसतं.

'राम के नाम' दाखवू का नको, यावर आम्हा मोठ्यांत बरीच चर्चा झाली. आनंद पटवर्धन यांचा हा १९९२ चा माहितीपट. बाबरी मशीद पाडली जाण्याआधीची अयोध्या त्यात आहे. मुलं भडकतील अशी काहींना भीती होती. मी एकच भाग दाखवला, पुजारी लालदास यांचा. रामजन्मभूमीच्या मंदिराचे कोर्टानं नेमलेले पुजारी, आणि तेच या आंदोलनाच्या राजकारणाविरुद्ध शांतपणे बोलतात. पुढे १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. मुलांना बाबरी माहीत होती, फोनवर तिचे फोटो होते, पण लालदास हे नाव तेरा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आपल्या पोरांच्या फोनवर बाबरीच्या घुमटावर चढलेली माणसं शेकडो वेळा येतात, लालदास एकदाही येत नाहीत. फीड काय दाखवतो यापेक्षा काय दाखवत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. फैजा अहमद खान यांचा. यंत्रमागाच्या गावातली आपलीच माणसं, हातात पैसा नाही, तरी स्वतःचा सुपरमॅन काढतात. हा दाखवला तेव्हा पहिल्यांदा सगळे मोकळेपणी हसले. मालेगाव म्हटलं की बाहेरच्या जगाला बॉम्बस्फोट आठवतो. या मुलांनी तिथे शेख नासिर आणि त्यांची मंडळी पाहिली, आणि लगेच प्रश्न आला, "आपण का नाही काढायचा?"

मग आम्ही कामाला लागलो. दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकीनं पाच मिनिटांचा माहितीपट काढायचा, फोनवर. विषय काटोलचाच. एका जोडीनं संत्रा बागायतदार काकांची मुलाखत घेतली. काका म्हणाले होते की यंदा आंबिया बहाराची फळगळ झाली म्हणून नुकसान आहे, व्यापाऱ्यांबद्दल तक्रार नाही, त्यांच्याशी वीस वर्षांचा व्यवहार आहे. मी मुलांना म्हटलं, आता याच रेकॉर्डिंगमधून काका व्यापाऱ्यांवर चिडलेत असा व्हिडिओ बनवा. एक शब्दही बाहेरचा घ्यायचा नाही. पंचवीस मिनिटांत तयार झाला. "नुकसान" आणि "व्यापारी" जवळ आणले, मधलं वाक्य कापलं, काकांनी घाम पुसला तो शॉट शेवटी टाकला. पाहताना सगळे हसत होते. संपल्यावर कुणी हसलं नाही. दोघांतला एक त्या व्यापाऱ्याचाच मुलगा होता.

तो व्हिडिओ आम्ही तिथेच पुसून टाकला आणि मी त्यांना धुळ्याची गोष्ट सांगितली. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावानं त्यांना मारून टाकलं. त्या काळात देशभर जो व्हिडिओ मुलं पळवणाऱ्यांचा पुरावा म्हणून फिरत होता, त्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. तो मुळात कराचीत बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा संदेश देतात. कुणीतरी फक्त शेवट कापला. मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या व्हिडिओचा शेवट कापला गेला आणि तो लोकांना ठार मारायला वापरला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

काकांचा व्हिडिओ स्वतःच्या हातानं कापलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करण्याबद्दलची आयत यातल्या बहुतेकांना पाठ होती. तिचा आपल्या फोनशी संबंध आहे, हे त्यांना आता जाणवलं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते घरातूनच आले.

पहिला आक्षेप एका बुजुर्गांचा. ते म्हणाले, "बेटा, कट्टरतेचा वर्ग मुसलमानांच्या पोरांसाठी चालवतोस, म्हणजे आपण संशयित आहोत हे तूच लिहून देतोस." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या मुलांकडे संशयानं पाहण्याचा धंदा जोरात आहे. पण मी त्यांना 'बुल्ली बाई'ची गोष्ट सांगितली. १ जानेवारी २०२२ ला शंभराहून जास्त मुस्लिम स्त्रियांचे फोटो "लिलावा"साठी एका ॲपवर टाकले गेले. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, जेएनयूतून बेपत्ता झालेल्या नजीब अहमदच्या आई फातिमा नफीस होत्या. आधीच्या जुलैत 'सुल्ली डील्स' नावानं हेच झालं होतं. दोन्ही ॲप गिटहबवर होती, जिथे मी रोज माझ्या कामाचा कोड ठेवतो. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं तपास केला तेव्हा पकडले गेलेले आरोपी निघाले विशीच्या आतबाहेरचे. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, एक मुलगी तर अठराची होती. ऑनलाईन कट्टरतेला जात-धर्म नाही. ती ज्या घरात कुणी बोलत नाही तिथे सुखानं राहते. आपण आपल्या खोलीत हे शिकवतो, ते आपण दोषी आहोत म्हणून नाही. आपली मुलं यात दोन्ही बाजूंनी मरतात, म्हणून.

हा विषय झाला त्या रविवारी एका मुलीनं विचारलं, "मग मी डीपी ठेवू की काढू?" तिच्या भावानं लगेच सांगितलं, काढ. मी म्हटलं, ठरवणारी ती आहे. पण काढायचा असेल तर घाबरून नको, आणि ठेवायचा असेल तर कुणी गैरवापर केला तर पुरावा कसा जपायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कशी करायची, हे शिकून ठेव. भावाला वेगळं सांगितलं. बहिणीचा फोटो काढायला लावणारा भाऊ होण्यापेक्षा तिच्यासोबत तक्रार करायला जाणारा भाऊ हो. तिनं डीपी ठेवला.

दुसरा आक्षेप, मुलांना नको ते दाखवून नको ते सुचवताय. यात तथ्य आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली एक सोळा वर्षांची मुलगी आयसिसच्या लोकांच्या ऑनलाईन संपर्कात असल्याचं दहशतवादविरोधी पथकाला कळलं. आयसिसवरचा टीव्हीवरचा एक कार्यक्रम पाहून तिचं कुतूहल जागं झालं आणि मग ती इंटरनेटवर शोधत गेली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. पथकानं गुन्हा न नोंदवता तिचं समुपदेशन केलं. ते योग्यच होतं. तरीही २०२० मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेनं तिला अटक केली. मी या प्रकरणातून दोन गोष्टी घेतो. एक, माहितीपट हे औषध नाही. एकट्यानं पाहिलेला कार्यक्रम आणि त्यानंतर मनात आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायला फक्त इंटरनेट, यातून उलटंही होऊ शकतं. म्हणून आमच्या खोलीत पाहण्यापेक्षा थांबवणं महत्त्वाचं आहे, आणि सिनेमा संपल्यावर घरी जायची घाई नसणं. दोन, एकदा समजावून सांगितलं आणि झालं, असं नसतं. मुलासोबत वर्षानुवर्षं राहावं लागतं. ते पोलीस करू शकत नाहीत. मामा, खाला, शिक्षक, शेजारी करू शकतात.

तिसरा आक्षेप, सिनेमा बघून पोरं कामाची राहतील का? ती रोज तीन तास रील बघतातच. आम्ही आठवड्यातून एकदा पंचवीस मिनिटं मागतोय.

काय जमलं नाही तेही सांगतो. तीन मुलांनी येणं सोडलं. त्यातला एक फार हुशार होता आणि त्याचा राग सगळ्यांत खोल होता. मार्चमध्ये नागपुरात त्याच्या नातेवाइकाला पोलिसांनी चौकशीला नेलं होतं. तो मला एकदा म्हणाला, "भैया, तुम्ही आम्हाला विचार करायला शिकवता, त्यांना कोण शिकवतं?" त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी बनवून दिलं नाही. अन्याय होतो हे खोटं ठरवून कट्टरता थांबवता येत नाही. त्या मुलाला मी अजून दर जुम्म्याला मशिदीबाहेर भेटतो. सिनेमाचा विषय काढत नाही. चहा घेतो.

तुम्ही हे वाचत असाल तर बहुतेक तुम्ही वीस-तीसच्या घरातले आहात. शिकलेले, फोन नीट समजणारे, आणि तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात तुम्हाला भैया, मामू, आपा म्हणणारी दहा-बारा पोरं आहेत. हे काम मौलानांचं नाही, आईबापांचंही एकट्यांचं नाही, कारण पोरांना जे ॲप माहीत आहेत ते त्यांना माहीत नाहीत. ते तुम्हाला माहीत आहेत. एक खोली, एक चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर पुरतो. प्रोजेक्टर नसेल तर घरातला टीव्ही चालेल. पहिल्या दिवशी कट्टरता हा शब्दही काढू नका, मालेगावचा सुपरमॅन लावा. मुलींना बोलवा आणि त्यांना मागे बसवू नका. शेजारच्या हिंदू पोरांना यायचं असेल तर दार उघडं ठेवा. दाखवण्याआधी स्वतः दोनदा पाहा. आणि महिन्या-दोन महिन्यांत मुलांच्या हातात कॅमेरा द्या, कारण स्वतः कापल्याशिवाय कापलेलं ओळखता येत नाही.

भाच्याचा फोन महिन्यानं परत मिळाला. मध्यंतरी दुसऱ्या एका गावच्या तणावाची बातमी फिरत होती, तेव्हा त्यानं मला एक क्लिप पाठवली. मी घाबरून लगेच फोन लावला. तो म्हणाला, "मामू, ठेवली नाहीये कुठे. आठव्या सेकंदाला थांबवून बघा, मागे बसवर काय लिहिलंय ते वाचता येतंय का तुम्हाला?"

मला वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं अर्धा तास त्या बसमागे लागलो होतो.